नोकरी, भाड्याचा फ्लॅट आणि छोटा पोपट: जमेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीचं वय 29, नोकरी हिंजवडीत, राहणं वाकडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका मैत्रिणीसोबत. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. ऑफिसच्या दिवशी सकाळी साडेनऊला बाहेर पडायचं, परत यायला रात्रीचे साडेआठ, कधी नऊ. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार साताऱ्याला आईवडिलांकडे. कुत्र्याला वेळ देता येणार नाही आणि मैत्रिणीला मांजराची ॲलर्जी आहे, म्हणून छोटा पोपट आणायचा विचार आहे. शक्यतो ग्रीन चीक कॉन्युर, एकच, आणि अगदी पिल्लू असतानाच, म्हणजे हातावर वाढेल आणि माणसाळेल. जमेल का?

मी पशुवैद्य आहे आणि गेली 18 वर्षं बहुतेक पक्ष्यांवरच उपचार करते. तुम्ही विचारलंय तसं, म्हणजे एकटा कॉन्युर आणि तोही भरवायला लागणारं पिल्लू, याला माझं उत्तर नाही असं आहे. पण तुमच्या घरात दोन बजी, म्हणजे बजरीगर जातीचे छोटे पोपट, आनंदात राहू शकतील. त्यासाठी तुमच्या दिवसात एक बदल करावा लागेल आणि तो सोपा नाही.

बहुतेकांचा हिशोब बाहेरच्या तासांपाशी अडतो. अकरा तास एकटा ठेवला तर चालेल का, असं विचारतात. मला त्याआधी झोपेची काळजी वाटते. छोट्या पोपटांना रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. रानात हे पक्षी दिवस मावळला की थव्याने झाडावर बसतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत. तुम्ही साडेआठला कुलूप उघडता तेव्हा त्याची निजायची वेळ होऊन गेलेली असते. तुम्ही दिवा लावता, तो जागा होतो, तुम्हाला बघून हरखतो, खांद्यावर येऊन बसतो. मग जेवण, मोबाईल, एखादी सिरीज, आणि बघता बघता साडेअकरा वाजतात. सकाळी सहाला कावळे आणि कचऱ्याची गाडी त्याला उठवतात. झोप झाली साडेसहा तास. महिनाभर असं चाललं की पक्षी किरकिरा होतो, चावायला लागतो. शिवाय दिवस लांबला की त्याचं शरीर विणीचा हंगाम आला असं समजतं. मादी असेल तर ती अंडी घालायला लागते, नर नसला तरी घालते. एकामागून एक अंडी घालून हाडांतलं कॅल्शियम संपत आलेल्या कॉकटील या तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या माद्या माझ्याकडे दरवर्षी येतात. घरातला दिवा किती वाजता बंद होतो हे मी सगळ्यांना विचारते. बहुतेक ठिकाणी उत्तर बारा असं येतं.

म्हणून पक्ष्याला द्यायचा वेळ संध्याकाळचा नसून सकाळचा असायला हवा. सकाळी साडेसहाला पडदा उघडायचा, सात ते साडेआठ पिंजऱ्याचं दार उघडं, तुम्ही त्याच खोलीत. चहा घ्या, डबा भरा, केस विंचरा, पक्षी आजूबाजूला उडत राहील. रात्री घरी आलात की त्या खोलीतला दिवा लावायचा नाही. पिंजरा बेडरूममध्ये असेल तर हे अशक्य आहे आणि हॉलमध्ये टीव्ही असेल तर तिथेही. टू-बीएचकेत दोघी दोन बेडरूममध्ये झोपत असाल तर हॉलचा टीव्ही एखादीच्या खोलीत जाईल का, हे मैत्रिणीला आधी विचारा. काही जण पक्ष्याचा दिवसच पुढे ढकलतात, जाड पडदे लावून रात्री साडेदहा ते सकाळी साडेआठ अंधार करतात. तेही चालतं, पण मग शनिवार-रविवारीही तेच घड्याळ पाळावं लागतं आणि खाली रस्त्याचा आवाज नसावा लागतो.

एकटेपणाचं म्हणाल तर एक उदाहरण सांगते. 2022 मध्ये ऑफिसं पुन्हा भरायला लागली तेव्हा माझ्याकडे अचानक एकाच प्रकारचे पेशंट यायला लागले. लॉकडाऊनमध्ये आणलेले, दीड-दोन वर्षं चोवीस तास माणसाच्या खांद्यावर वाढलेले पक्षी. त्यातला एक कॉकटील नर मला फार लक्षात आहे. मालकाने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं. टॉवेल बाजूला केला तर डोकं अगदी देखणं, पिवळा तुरा, गालावरचा नारिंगी ठिपका जिथल्या तिथे. आणि मानेखाली गुलाबी उघडी कातडी, भाजीवाल्याकडच्या सोललेल्या कोंबडीसारखी. डोक्यावरची पिसं शाबूत आणि अंगावरची गेलेली, असं दिसलं की पिसं त्याने स्वतःच उपटलेली असण्याची दाट शक्यता असते, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही. रोग, माइट्स म्हणजे पिसांतले बारीक किडे, सगळं तपासलं, काही निघालं नाही. तपासणी चालू असताना तो पक्षी मध्येच एक बारीक टुंग आवाज काढायचा. मालकाचा चेहरा पडला. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताना वाजतो तो आवाज होता. दीड वर्ष त्या आवाजानंतर माणूस समोर बसायचा. आता घर रिकामं झालं होतं आणि पक्षी दिवसभर तोच आवाज काढून माणसाला बोलावत होता, असं शेजारच्या काकूंनी त्यांना सांगितलं होतं.

त्या पक्ष्याला सावरायला आठ महिने लागले. सकाळचा ठरलेला वेळ दिला, खाणं शोधून काढायला लावलं, वेगळ्या खोलीत दीड महिना ठेवून तपासलेला दुसरा कॉकटील सोबतीला दिला. छातीवरची पिसं आली, एका पंखाखालची कधीच आली नाहीत. त्या घरातल्या माणसाने हयगय केली नव्हती, उलट फार जीव लावला होता. पण सुरुवातीचं दीड वर्ष दिलेला वेळ पुढे टिकणारा नव्हता. म्हणून पहिल्या दिवसापासून तेवढाच वेळ द्या, जेवढा तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यातही देता येईल. नवीन पक्षी आला म्हणून पंधरा दिवस रजा काढून त्याला अंगाखांद्यावर घेऊन बसणारे लोक नकळत त्याला अशी सवय लावतात, जी सोळाव्या दिवशी मोडावी लागते.

कॉन्युरला मी तुमच्यासाठी नाही का म्हणते, ते एवढ्यात लक्षात आलं असेल. साठ-सत्तर ग्रॅमचा हा दक्षिण अमेरिकेतला पक्षी एका माणसाला धरून बसतो, तिसरं कुणी जवळ आलं तर चावतो, आणि नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे तुमची पन्नाशी. त्यात लग्न, घर बदलणं, कदाचित परदेशातली बदली, सगळं येऊन जाईल. रीलमध्ये तो खिशात झोपलेला दिसतो. तो व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो आणि पुढचे दोन तास तो काय मागतो ते त्यात नसतं. आवाजही लक्षात घ्या. सन कॉन्युरपेक्षा ग्रीन चीक शांत खरा, पण भाड्याच्या घरात, पातळ भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं बाळ झोपलेलं असताना, तोही जड जातो.

कॉकटील स्वभावाने फार गोड. नोकरदार माणसांना मी एरवी तोच सुचवते. पण तुमच्या मैत्रिणीला ॲलर्जी आहे आणि कॉकटीलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते. काळ्या टीव्हीवर बोट फिरवलं तर दोन दिवसांत रेघ उमटते. मांजराची ॲलर्जी असणाऱ्या प्रत्येकाला पक्ष्याची होईलच असं नाही, तरी ज्या घरात आधीच शिंका आहेत तिथे ही जात नको. बजीतही पिसांचा कोंडा असतो, पण बराच कमी. पक्षी आणण्याआधी मैत्रिणीला बजी असलेल्या एखाद्या घरी तासभर नेऊन बसवा. काय होतं ते तिथेच कळेल.

लव्हबर्डबद्दल एवढंच सांगते की तो देखणा आहे, पण भांडखोर आहे, आणि पहिल्यांदा पक्षी पाळणाऱ्याला मी तो देत नाही. आपल्याकडे गंमत अशी की बहुतेक दुकानांत लव्हबर्ड म्हणून जो निळा-हिरवा, अंगावर लाटांसारख्या रेघा असलेला पक्षी विकतात तो बजीच असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा. बजी ऑस्ट्रेलियातला, सडपातळ, लांब शेपटीचा.

बजी स्वस्त मिळतो म्हणून लोक त्याला कमी लेखतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. तीस-चाळीस ग्रॅमचा हा खराखुरा पोपट आहे. नर शब्द शिकतात, कित्येक नर तर पोपटांतल्या मोठमोठ्या जातींपेक्षा जास्त शब्द बोलतात. ते बोलणं भरभर आणि बारीक असतं, कान देऊन ऐकावं लागतं. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. तुमच्या वयाच्या माणसाने एवढाच शब्द द्यावा, असं मला वाटतं.

दोन का? ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मैदानांत बजी हजारोंच्या थव्याने उडतात. एकट्या बजीला दिवसभर कानावर दुसऱ्या बजीचा आवाज पडला नाही, तर रानात त्याचा अर्थ एकच होतो, आपण थव्यापासून तुटलो. दोन असले की तुम्ही ऑफिसला गेलात तरी एकमेकांची मान खाजवणं, कुजबुजणं, भांडणं, सगळं चालू राहतं. दोन आणले की माणसाळत नाहीत हा समज दुकानदारांनीही पसरवलाय. मी असं बघितलंय की हळू माणसाळतात, पण माणसाळतात. एक धीट असतो, तो हातावरचं राळ्याचं कणीस खायला आला की दुसरा चार दिवसांत येतो. दोन्ही नर घ्या. मोठ्या नराच्या चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग गडद निळा असतो, मादीचा तपकिरी किंवा फिकट. दोन माद्या कधीकधी रक्त निघेपर्यंत भांडतात.

आणि नर-मादी आणलेच, तर कृपा करून मडकं टांगू नका. आपल्याकडे बजीची जोडी घेतली की दुकानदार बाजूला भोक पाडलेलं मातीचं मडकं जणू पिंजऱ्याचा भागच असल्यासारखं बरोबर देतो. ते झोपायला नसतं, ते अंडी घालायला असतं. बजी झाडाच्या ढोलीत घरटं करतो, आणि त्याच्या देशात पाऊस कधी येईल याचा नेम नसल्याने त्याला ठरावीक हंगाम नाही. खाणं भरपूर आणि ढोली तयार, की तो लगेच विणीला लागतो. तुमच्या फ्लॅटमध्ये खाणं बारा महिने भरपूर. एका वेळी चार-सहा अंडी, वर्षभर थांबायचं नाव नाही. सहा महिन्यांत सोळा पक्षी झाले, आता काय करू, असे फोन मला येतात. ते सोडून द्यायचा विचारही नको. पिंजऱ्यातला बजी बाहेर दोन-तीन दिवसही काढत नाही, कावळे किंवा शिक्रा त्याला उचलतो.

आता पिल्लाचं. तुम्हाला वाटतंय की भरवून वाढवलं की जीव जडेल. बाजारात याला हँडफीड म्हणतात आणि तीन-चार आठवड्यांची पिल्लं, जी अजून स्वतः दाणा खात नाहीत, तशीच गळ्यात मारतात. सोबत फॉर्म्युला पावडरचा डबा आणि एक सिरिंज. या वयाच्या पिल्लाला दर चार-पाच तासांनी भरवावं लागतं. फॉर्म्युला जरा जास्त गरम झाला तर क्रॉप, म्हणजे मानेखालची अन्नाची पिशवी, आतून भाजते आणि काही दिवसांनी तिला भोक पडून खाणं बाहेर गळायला लागतं. थंड राहिला तर तो पचत नाही, आंबतो. सिरिंज घाईत दाबली तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू तुमच्या हातात, मिनिटाभरात, जातं. मागे एक मुलगा ऑफिसच्या बॅगेतून पिल्लू सोबत नेऊन कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हमध्ये फॉर्म्युला गरम करायचा. त्याची तळमळ खरी होती, आणि मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर कोमट आणि मधला भाग कढत राहतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्वतः दाणा फोडून खाणारा, निदान दोन-अडीच महिन्यांचा पक्षीच घ्या. दुकानात उभं राहून त्याला खाताना बघा. बजीच्या कपाळावरच्या रेघा चोचीपर्यंत आलेल्या असतील तर तो अजून तरुण आहे. तीन-चार महिन्यांनंतर त्या मागे सरकतात आणि कपाळ मोकळं होतं.

कायद्याचं एकदा नीट सांगून ठेवते, कारण साताऱ्याला गेलात की कुणीतरी म्हणेल, एवढं कशाला, शेतातलं पोपटाचं पिल्लू देतो की आणून. आपला कंठवाला पोपट, पहाडी पोपट, तुईया, कोणताही देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजीच्या घरी पिंजऱ्यात मिठू होता ही आठवण आपल्या सगळ्यांची आहे, तरीही. घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. विदेशी पोपटांचं वेगळं आहे. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत जगातले सगळे पोपट आहेत, वगळलेले फक्त चार: बजी, कॉकटील, पीच-फेस्ड लव्हबर्ड आणि आपला कंठवाला. 2022 च्या दुरुस्तीने या याद्या आपल्या कायद्यात आल्या, आणि 2024 च्या नियमांनुसार यादीतला पक्षी बाळगणाऱ्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करायची असते. म्हणजे ग्रीन चीक घेतला तर नोंदणी आली, पुढे कुणाला दिला तर त्याचीही नोंद आली. दोन बजींना यातलं काही लागत नाही.

घराकडे जरा पक्ष्याच्या नजरेने बघा. छताचा पंखा हा आपल्याकडे मोकळ्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा वैरी. दार उघडायच्या आधी पंखा बंद आणि पाती थांबलेली, हा नियम दोघींनी पाळायचा. मे महिन्यातही. दुसरं म्हणजे हवा. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या पिशव्या असतात, उडायला लागणारा प्राणवायू त्यांच्या मदतीने मिळतो, आणि हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने भिनतं. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा विसरला आणि फार तापला, तर त्याच्या वाफेने शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरतो. माणसाला फार तर खोकला येईल. अशा घरांत मी लोखंडी तवा आणि स्टीलची कढई आणायला लावते. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, रूम स्प्रे पक्ष्याच्या खोलीत नको. डासांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पक्षी दुसऱ्या घरी.

खाण्यात नोकरदार घरांची एकच चूक होते. वाटी भरून मिक्स सीड ठेवतात आणि ते संपलं नाही म्हणजे पोट भरलं असं समजतात. पक्षी त्यातलं सूर्यफूल वेचून खातो, सालं वाटीतच राहतात, वाटी भरलेली दिसते. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्यांच्या यकृतात चरबी साठते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. राळा आणि बाजरी मोजून द्या, बजीला दोन लहान चमचे पुरतात. सकाळी सोबत मोड आलेले मूग-मटकी, किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सिमला मिरची. हिरवी मिरचीही खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट जाणवत नाही. ओलं खाणं दोन तासांनी काढून टाका, पावसाळ्यात तर नक्कीच. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारं फरसाण बंद. घरी आलेले वडीलधारे चहात बुडवलेलं बिस्किट प्रेमाने देतात. त्यांच्या हातात राळ्याचं कणीस द्या, त्यांनाही बरं वाटतं. ऑफिसच्या दिवशी निघताना थोडा दाणा कागदाच्या पुड्यांत बांधून, करवंटीत लपवून ठेवा. रानात पक्ष्याचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो, इथेही थोडा तसाच जावा.

पिंजरा उंच घुमटाचा नको, आडवा हवा, कारण बजी आडवा उडतो. लांबी निदान अडीच फूट, सळ्यांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. तो पक्ष्यांपेक्षा महाग पडेल, पडू दे. आतल्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, कमी-जास्त जाडीच्या. पायांना त्याने फार फरक पडतो. कण्हेरीची फांदी चुकूनही नको, ती विषारी आहे.

आता रोजचं एक काम, ज्याला मी औषधापेक्षा जास्त मानते. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घाला आणि सकाळी बदलताना तो तीस सेकंद बघा. निरोगी विष्ठेत हिरवट-तपकिरी गोळा, त्यावर पांढरा ठिपका आणि भोवती थोडं पाणी असतं. रंग बदलला, संख्या निम्म्यावर आली, नुसतं पाणी दिसलं, तर त्याच दिवशी फोन करा. मग वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर छोटी दांडी, आणि पक्षी चढला की आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, आठवड्यातून दोनदा. छोटा पक्षी आजार लपवतो, कारण थव्यात जो लुळा दिसतो त्यालाच शिकारी उचलतो. पिसं फुगवून तळाशी बसलेला दिसला म्हणजे तो बरेच दिवस आजारी आहे. काटा ते आधी सांगतो. 35 ग्रॅमच्या बजीचे साडेतीन ग्रॅम कमी झाले तर दहा टक्के वजन गेलं. साडेतीन ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याभर साखरेपेक्षाही कमी. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पिसांखाली लपतं. अशा वेळी उद्या सुट्टी आहे तेव्हा नेऊ, असं करायचं नाही. म्हणून पक्षी आणण्याआधीच पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पक्ष्यांसाठी कदाचित शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागेल.

साताऱ्याच्या शनिवार-रविवारी मैत्रीण घरी असेल तर प्रश्न मिटला. दोघी एकाच वेळी गावी जाणार असाल, गणपतीत, दिवाळीत, तर पिंजऱ्यात दोन वाट्या पाणी ठेवून निघून जाणं नको. एक वाटी विष्ठेने घाण होते आणि दुसरी पंखाने उलटते, मग पक्ष्याला पाण्यावाचून दिवस काढावा लागतो. सोसायटीत पक्षी आवडणारं एखादं घर आत्ताच बघून ठेवा. कॉलेजात जाणारी मुलं हे काम मनापासून करतात. दिवाळीच्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, अर्धा झाकून, एक मंद दिवा लावून ठेवा. फटाक्याने दचकून अंधारात धडपडलेले पक्षी पंख मोडून घेतात.

लगेच काही विकत घेऊ नका. आधी तीन आठवडे पक्षी घरात आहे असं धरून वागा. साडेसहाला उठून हॉलचा पडदा उघडा. सात ते साडेआठ पंखा बंद, खिडक्या बंद, तुम्ही त्या खोलीत. शेवग्याचा पाला निवडा, गाजर किसा आणि स्वतः खा. रिकाम्या ट्रेवर रोज कागद बदला. रात्री आठनंतर हॉलमध्ये दिवा नाही, टीव्ही नाही. अगरबत्ती नाही. यातला एखादा आठवडा प्रोजेक्टच्या डेडलाइनचा असू द्या, मुद्दाम. एकवीस दिवसांपैकी किती दिवस जमलं त्याच्या खुणा कॅलेंडरवर करा. अठराच्या पुढे असतील तर पक्षी आणा. बारा-तेरा असतील तर घर बदलेपर्यंत किंवा कामाच्या वेळा बदलेपर्यंत थांबा. तोवर पक्षी आवडतातच तर गॅलरीत पाण्याचं पसरट भांडं ठेवा, बुलबुल आणि चिमण्या आंघोळीला येतील.

आणायचे ठरलं तर दोन्ही बजी एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी घ्या, आणि तो दिवस शनिवारची सकाळ असू द्या. शुक्रवारी रात्री आणलेला घाबरलेला पक्षी अंधारात खात नाही, आणि नवीन जागी खातोय की नाही हे तुम्हाला उजेडात बघता यायला हवं. पहिले दोन दिवस हात घालू नका, पिंजऱ्यापासून दोन हात अंतरावर बसून पुस्तक वाचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत कागदावर विष्ठा दिसली पाहिजे आणि वाटीत फोडलेली सालं. रविवारी रात्री दिवा मालवल्यावर पिंजऱ्यातून बारीक कर्र-कर्र आवाज आला, दाढा चावल्यासारखा, तर घाबरून मला फोन करू नका. निवांत झालेला बजी झोपण्याआधी चोच घासतो, त्याचा तो आवाज असतो.